सहा बायका आणि कोपऱ्यातल्या ताई

आमच्या फ्लेक्सच्या दुकानात फोटो आला की आधी तो उजळतो. नाव, हुद्दा, शुभेच्छा, फुलं हे सगळं नंतर. असा नियम कुणी केलेला नाही. बल्लारपुरात माझ्या नवऱ्याचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता, तेव्हापासून गिऱ्हाईक दुकानाची पायरी उतरता उतरता वळून एकच वाक्य बोलत आलंय, "भाऊ, थोडा साफ करा ना." साफ म्हणजे गोरा. कोळशाच्या खाणींच्या गावात बसून मी दिवसभर माणसं गोरी करते, आणि कुणी विचारलं काय करता, तर डिझायनिंग करते म्हणून सांगते.

घरी आम्ही हिंदीत भांडतो आणि दुकानात मराठीत. माझी शाळा मराठी होती, त्यामुळे मजकूर बघायचं काम माझं. नवरा मशीन आणि फोटो बघतो. या वाटणीत आजवर फारसा घोळ झाला नव्हता. तो झाला तो एका महिला दिनाच्या कार्यक्रमात, लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती तेव्हा.

मूल गावातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम आमच्या गल्लीत राहतात. रोज सकाळच्या गाडीनं अपडाऊन करतात. त्या एक पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यात सहा बायकांचे फोटो होते. कुणी अमेरिकेतली, कुणी आफ्रिकेतली, कुणी आणखी कुठली. आपापल्या देशाच्या राजकारणात, थेट संसदेपर्यंत, पहिल्यांदा पोचलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया. कॉलेजनं त्यांचा गौरव करायचा ठरवला होता. मोठा फ्लेक्स हवा होता, स्टेजच्या मागं लागेल असा. मला पटकन कळेना, आपल्या मूलमध्ये त्यांचा गौरव कशाला? त्यांना कळणार का? मॅडम म्हणाल्या, "त्यांना कळायची गरज नाई, आपल्याला कळायची आहे." मी मान डोलावली. मॅडम लोकांसमोर मान डोलावली की वेळ वाचतो.

संध्याकाळी नवऱ्यानं नमुना करून मॅडमच्या मोबाइलवर पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी मॅडम स्टेशनवरून घरी न जाता तशाच दुकानात आल्या, खांद्याला डब्याची पिशवी.

"भाऊ, हे काय करून ठेवलं?"

"काऊन मॅडम? साफ केले ना सगळे."

मी स्क्रीनकडं पाहिलं आणि मला हसू फुटलं. सहाच्या सहा बायका दुधात धुऊन काढल्यासारख्या. त्यातली एक तर अमृतसरहून लग्नाला आल्यासारखी दिसत होती. मॅडमही हसल्या, पण लगेच थांबल्या. "अहो भाऊ, त्या काळ्या होत्या म्हणून तर आपण त्यांचा गौरव करून राह्यलो!"

नवरा सरळ माणूस आहे. त्यानं डोकं खाजवलं आणि विचारलं, "म्हणजे मॅडम, त्या काळ्या होत्या म्हणून, का काळ्या असूनबी?"

मॅडमनी डब्याची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाल्या, "दोन्ही." आणि घरी गेल्या. त्यांना भूक लागली असावी. पण मी तो प्रश्न घेऊन बसले. काळ्या म्हणून गौरव करायचा म्हणजे त्यांच्या अकलेचं काय? आणि काळ्या असूनही म्हटलं, तर काळं असणं हा आजार झाला. आमच्याकडं तर हा शब्द कुणाच्या तोंडावर बोलायची सोय नाही. मुलगी कितीही रापलेली असो, तिला सावळी म्हणायचं आणि फोटो आमच्याकडं पाठवायचा. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजूंनी चिडले.

नवऱ्याला खुर्चीवरून उठवून मी स्वतः माऊस हातात घेतला. मूळ फोटो पुन्हा लावले. काही जुने होते, धुरकट. अशा चेहऱ्याच्या माणसाचा फोटो काढताना उजेड सांभाळावा लागतो, नाहीतर डोळे आणि दात तेवढे उरतात. हे मला स्टुडिओच्या दिवसांपासून माहीत होतं, पण मी ते कधी फार मनावर घेतलं नव्हतं. आता एकेक चेहरा मोठा करून बघायला लागले. एकीचा चष्मा जाड होता आणि हनुवटी वर केलेली. एकीनं डोक्याला छापील कापड गुंडाळलं होतं आणि ती कुणाला तरी दटावत होती, नक्की. एक म्हातारी गालात हसत होती, तिच्या गालाच्या हाडावर उजेड पडला होता, तो मी काढला असता तर तिचं हसूच गेलं असतं. खाली मॅडमनी लिहून दिलेला मजकूर होता. एकीबद्दल लिहिलं होतं की ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिच्याच बाजूचे लोक तिला हसले. मी तो मजकूर टाइप करताना चुकले, पुन्हा टाइप केला, पुन्हा चुकले. या बायकांना मी ओळखत नव्हते, पण दिवसभर त्यांच्याकडं बघून बघून मला त्यांची सवय झाली.

आणि मग खाली उजव्या कोपऱ्यातला फोटो आला. तो ताईंचा.

आमच्याकडं फ्लेक्स कुणाचाही असो, कोपऱ्यात पुढाऱ्याचा फोटो लागतोच. कार्यक्रमाचं स्टेज, चहा, सतरंज्या ताई देणार होत्या. ताई मूलकडच्या धानाच्या पट्ट्यातल्या, जिल्हा परिषदेच्या माजी सदस्य. त्यांच्या सगळ्या गावांतून त्या पहिल्या बाई होत्या, ज्यांनी नवऱ्याला मागं बसवून स्वतः मोटारसायकल चालवत प्रचार केला. आता त्यांना दिल्लीचं तिकीट हवं होतं. नुसती इच्छा नव्हती, त्या मागं लागल्या होत्या. मुंबईला दोनदा जाऊन आल्या होत्या, एकदा तर पक्षाच्या साहेबांची भेट न होताच. त्यांच्या कार्यकर्त्या पोरांनी आमच्याकडून 'भावी खासदार' असे फ्लेक्स छापून तालुकाभर लावले होते. आणि या कार्यक्रमाला पक्षाचा निरीक्षक येणार होता, मुंबईहून, कोण कसं आहे ते बघायला. ताईंचं सगळं त्या एका दिवसावर होतं.

आमच्या फ्लेक्सवरच्या ताई गोऱ्यापान होत्या. इतकी वर्षं आम्हीच केलेल्या. खऱ्या ताई धानाच्या रोवणीच्या उन्हात वाढलेल्या, चांगल्या गडद. सहा बायका आहे तशा आणि कोपऱ्यात त्या एकट्या गोऱ्या, हे मला डोळ्यांत खुपलं. मी त्यांचा न उजळलेला फोटो शोधून काढला आणि लावून पाहिला. आता सातही जणी एका घरच्या वाटायला लागल्या. नवरा मागून घरच्यासारखं हिंदीत म्हणाला, "अरे, ये क्या कर रही हो? उनका टिकट काटोगी?" मी गोरा लावला. मग काळा लावला. मग अर्धा उजळून पाहिला, तो आजारी दिसला. मला खरंच कळेना. मॅडमना विचारलं तर त्या भाषण देतील. शेवटी ताईंनाच फोन केला. त्या म्हणाल्या, "भाभी, मी येऊनच पायते."

ताई आल्या. पदर खोचलेला, हातात मोबाइल, बाहेर गाडीत पोरं बसलेली. मी दोन्ही दाखवते म्हणाले आणि आधी न उजळलेला काढला. ताई वाकल्या. मग बोट पुढं करून स्क्रीनवरच्या गालाला लावलं. मला वाटलं, आता रागावतात.

"हाच राहू द्या," त्या म्हणाल्या.

"ताई, तो दुसरा..."

"नाई भाभी. हाच राहू द्या."

आणि गेल्या. दुसरा त्यांनी पाहिलाच नाही. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, त्या सहा बायकांकडं बघून ताईंना धीर आला. मी ही गोष्ट बहिणीला सांगितली, शेजारणींना सांगितली, दळणाच्या चक्कीवर सांगितली. मॅडमना सांगितली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "ह्यासाठीच तर करून राह्यलो आपण," त्या म्हणाल्या.

कार्यक्रमाला मॅडमनी मलाही नेलं. हॉल भरलेला होता, गावोगावच्या बचत गटांच्या बायका सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. मागं आमचा फ्लेक्स. माझ्या पुढ्यातल्या दोघी त्याच्याकडं बघून बोलत होत्या.

"ह्या कुठच्या होत व?"

"तिकडच्या खासदार होत म्हंते. आपल्यावानीच दिसते."

"अन् ते कोपऱ्यात? अवं, ते तं आपली ताई होय!"

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाठीवर थाप मारणार होते. आणि तेवढ्यात निरीक्षक आला. पांढरा सदरा, मागं चार माणसं. हातात पुष्पगुच्छ. स्टेजवर ताई हात जोडून पुढं झाल्या. तो त्यांच्या बाजूनं सरळ पुढं गेला आणि मागं उभ्या असलेल्या मॅडमच्या हातात गुच्छ ठेवून म्हणाला, "ताई, तुमच्या कामाबद्दल आम्ही मुंबईतही ऐकून आहोत."

मॅडम गोऱ्या आहेत. नागपूरच्या. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण तोपर्यंत मला तरी कुठं ते महत्त्वाचं वाटलं होतं!

मॅडम लाल झाल्या. कुणीतरी निरीक्षकाच्या कानाशी लागलं. तो वळला, हसला, म्हणाला, "माफ करा, बाहेरच्या फोटोंत तुम्ही अगदीच वेगळ्या दिसता." ते बाहेरचे फोटो म्हणजे तालुकाभर लावलेले आमचे. ताई पण हसल्या. गुच्छ मॅडमच्या हातून त्यांच्या हातात आला. हॉलमधल्या बायकांना वाटलं असं करायची पद्धतच असेल, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मला कुणाचा राग आला होता तेच कळत नव्हतं. त्याचा? तो तर आम्ही दाखवलेल्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून आला होता.

ताई फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ह्या बाया पयल्या गेल्या, तं तिथी कुठी बसायचं हे बी त्यायले कोनी दाखवलं नसन. मी जिल्हा परिषदेत पयल्या दिवशी चपराशाच्या खुर्चीवर बसली होती. त्यानंच उठवलं." हॉल हसला. निरीक्षक मोबाइलवर काहीतरी लिहीत होता.

तिकीट ताईंना मिळालं नाही. का नाही, ते कुणीच सांगितलं नाही. असं सांगायची पद्धत नसते. आचारसंहिता लागली, गावोगावचे फ्लेक्स उतरले, ताईंच्या पोरांनी कॉलेजातलाही नेला. नवऱ्यानं मात्र दुकानात बसून निकाल लावून टाकला. "साफ करून लावला असता तं त्यानं लगेच ओळखलं असतं." मी म्हटलं, फ्लेक्सवर ओळखलं असतं, पण समोर उभ्या माणसाचं काय? "तेच तं म्हणून राह्यलो," तो म्हणाला. यात 'तेच' काय होतं हे मला आजवर कळलेलं नाही. आम्ही पुष्कळ दिवस यावर भांडलो, हिंदीत आणि मराठीतही. ताई दुकानात यायच्या थांबल्या. पोळ्याचे नाहीत, दिवाळीचे नाहीत, कसलेच शुभेच्छांचे फ्लेक्स त्यांनी लावले नाहीत. मला वाटायचं, त्यांचं तिकीट आमच्या दुकानात कापलं गेलं. आणि कधी वाटायचं, छे, एका बाईनं स्वतःचा खरा चेहरा लावला आणि ती हरली, यात लाज वाटावी असं काय आहे? पण हरली ती हरलीच ना. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पहिल्या पावलाची किंमत असते." ती किंमत ताईंनी द्यायची आणि वाक्य मॅडमनी बोलायचं, याचाही मला राग आला.

मग जिल्हा परिषदेच्या निवडणुका होणार असं बोललं जाऊ लागलं, आणि अचानक ताईंचा फोन आला. "भाभी, नवा फोटो पायजे. तुमीच या." मी कॅमेरा घेतला, मूलपर्यंत रेल्वेनं आणि पुढं ऑटोनं त्यांच्या गावी गेले. धान निघालं होतं. ताईंच्या अंगणात तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, मोठा ढीग होता आणि दंवानं भिजू नये म्हणून त्यावर आमचा फ्लेक्स टाकला होता. सहाही जणी आभाळाकडं तोंड करून पडल्या होत्या. दटावणारीच्या कपाळावर कोंबडी बसली होती. तसा मला त्याचा राग नाही येत, आमच्या मालाचं शेवटी असंच होतं, कुठं छप्पर, कुठं पडदा. पण खाली उजव्या कोपऱ्यात चौकोनी भोक होतं. नीट, कात्रीनं कापलेलं. ताईंचा चेहरा तेवढा काढून घेतला होता.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे बाईनं तो काळा फोटो कापून फेकला! मी बल्लारपूरभर हिचे गोडवे गात फिरले, आणि हिला त्याची इतकी लाज वाटावी? मनात आलं, तसंच मागं फिरावं. करा म्हणावं कुठूनही गोरं. पण ऑटो निघून गेला होता, आणि उन्हात उभं राहून रागावण्यात अर्थ नव्हता. मी आत गेले.

आत कुणी नव्हतं. समोरच्या भिंतीवर चौकट होती. चौकटीत ताई. तोच न उजळलेला चेहरा, फ्लेक्सच्या जाड कापडासकट काचेमागं बसवलेला. कपाळावर कुंकू, आणि चौकटीला हार घातलेला.

कालच तर फोनवर बोलल्या होत्या! मी दाराची चौकट धरली. आणि तेवढ्यात मागच्या दारानं ताई आल्या, पदराला हात पुसत, चांगल्या धडधाकट.

"बसा ना भाभी. उभ्या काऊन?"

मला एकदम शब्द फुटला तो रागाचाच. "ताई, हे काय करून ठेवलं? जित्या माणसाला हार घालतात का कुणी?"

ताईंनी भिंतीकडं पाहिलं. "मी नोहो ते," त्या म्हणाल्या. "माय होय माही."

त्यांनी मला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं, आणि स्वतः समोर खाली बसल्या.

"माय गेली तवा मी लहान होती. तिचा फोटो कुठीच नाई. मतदानाचं कार्ड-बिर्ड निघाच्या आधीच गेली ते. तिचं तोंड मले आठवतच नवतं, भाभी. त्या दिवशी तुमच्या कॅम्प्युटरवर पाह्यलं, तं मी नाई दिसली. माय दिसली. एवढी सालं तुमी मले गोरी करून राह्यले, तं मायचं तोंड माह्या तोंडावर आहे, हे मलेच मालूम नवतं."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कोणत्या वर्षी पाऊस कमी झाला ते सांगावं तसं त्या सांगत होत्या.

"म्हनून म्हटलं, राहू द्या. तिथी एवढ्या मोठ्या मोठ्या बाया बसल्या आहेत. येक दिवस मायले बी बसू द्या त्यायच्यात."

म्हणजे धीर नव्हता तो. किंवा होता. त्या सहा जणींचा यात काही संबंध होता, की नव्हताच? मी चक्कीवर सांगितलेली गोष्ट खोटी होती की मला वाटली त्याहून खरी? मला रडू येत होतं आणि त्याचवेळी विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"आणि तिकीट, ताई? तुम्हाला माहीत होतं ना, तो निरीक्षक येणार म्हणून?"

"मालूम होतं ना." ताई हसल्या. "पन तिकीट मायले कोन देते, भाभी?"

बाहेर कोंबड्या ओरडल्या, कुणीतरी त्यांना तणसावरून हाकललं. ताई उठल्या, साडी सारखी केली, केसांवर पाणी लावलं आणि दारातल्या उजेडात येऊन उभ्या राहिल्या. मी कॅमेरा उचलला. दोनचार फोटो काढले. बटण दाबताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, ती न विचारता परत जाणं शक्य नव्हतं.

"ताई, हा साफ करायचा का?"

ताईंनी आत बोट दाखवलं.

"मायले इचारा," त्या म्हणाल्या, आणि मी खरंच भिंतीकडं वळले.